जुळ्यांच्या दोन फाइली

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती, ती कशासाठी ते पुढे सांगते. आधी तुमची हकिकत थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल.

तुम्ही नागपुरात मानेवाड्याकडे राहता. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, गरोदरपणाच्या २९ व्या आठवड्यात कळा सुरू झाल्या आणि सिझेरियन करावं लागलं. आधी मुलगी, १२४० ग्रॅम. मिनिटभराने मुलगा, ९३० ग्रॅम. मुलगी ४१ दिवसांनी घरी आली, मुलगा ६८ दिवसांनी. तो ९ दिवस श्वासाच्या मशीनवर होता, मेंदूच्या सोनोग्राफीत दुसऱ्या श्रेणीचा रक्तस्राव निघाला, डोळ्यांच्या पडद्याला लेझर झालं. आता दोघं सव्वाचार वर्षांची आहेत. मुलगा दीड वर्षाचा झाल्यावर चालला. अजून तीन-चार शब्दांचीच वाक्यं बोलतो, बाहेरच्या माणसाला त्याचं निम्मं बोलणं कळत नाही, आणि जिना चढताना दर पायरीवर दोन्ही पाय टेकवतो. शाळेचं म्हणणं, जूनमध्ये मुलीला केजी टूमध्ये पाठवू आणि मुलाला केजी वनमध्येच ठेवू. सासूबाई म्हणतात, घाई नको, आपोआप होईल. तुम्ही विचारलंय: हे सगळं वेळेआधी जन्मल्यामुळे आहे का, तो बहिणीला कधी गाठेल, आणि शाळेला काय सांगू?

आता पेन्सिलीचं. मुलाबद्दल तुम्ही २३ ओळी लिहिल्या आहेत, मुलीबद्दल दीड. ती दीड ओळ अशी: ‘मुलगी एकदम नॉर्मल आहे, फक्त चित्र रंगवायचा कंटाळा करते आणि शाळेत गोंगाट झाला की कानांवर हात ठेवून रडते.’ मुलाबद्दल सविस्तर लिहितेच, पण मला या दीड ओळीकडेही यायचं आहे. कारण ‘तो बहिणीला कधी गाठेल’ या प्रश्नात तुम्ही बहिणीला मोजपट्टी धरलंय. आणि ती मोजपट्टीसुद्धा २९ व्या आठवड्यातच जन्मलेली आहे.

मी नागपुरात वीसेक वर्षं हाय-रिस्क ओपीडी चालवते. काचेतून घरी गेलेली बाळं पुढे कशी वाढतात हे बघायचं, एवढंच या ओपीडीचं काम. तरी पत्रावरून निदान करणार नाही. बरंच काही मला न दिसलेल्या कागदांवर आणि मुलांना प्रत्यक्ष तपासण्यावर अवलंबून आहे. उदाहरणार्थ, मेंदूची सोनोग्राफी पहिल्या आठवड्यानंतर पुन्हा कधी झाली होती? रक्तस्राव पहिल्या काही दिवसांत दिसतो, पण मेंदूच्या पांढऱ्या भागाला झालेली इजा, जिला डिस्चार्ज कार्डावर पीव्हीएल लिहितात, ती पुष्कळदा तीन-चार आठवड्यांनी दिसायला लागते. म्हणून प्रसूतीची मूळ तारीख जवळ आली की एक सोनोग्राफी पुन्हा करतात. ती झाली असेल आणि स्वच्छ असेल, तर माझा अर्धा जीव भांड्यात पडेल.

दुसऱ्या श्रेणीच्या रक्तस्रावाने मात्र फार घाबरू नका. रक्त मेंदूतल्या पोकळीत उतरलं पण पोकळी फुगली नाही, एवढाच त्याचा अर्थ. चार श्रेणींत हा सौम्य बाजूचा. अशी बहुतेक मुलं चालतात, बोलतात, शाळेत जातात. त्यामुळे जिन्याच्या पायरीचं खापर मी लगेच त्या रिपोर्टवर फोडणार नाही. पण बघितल्याशिवाय सोडणारही नाही. पायांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची वाट या पोकळीच्या अगदी काठाने जाते, हातांची त्याहून बाहेरून. म्हणून वेळेआधी जन्मलेल्या मुलांत इजा झालीच तर आधी पाय बोलतात. गुडघा सरळ ठेवून पाऊल वर वळवलं की घोटा कुठपर्यंत येतो, हे हाताला दोन मिनिटांत कळतं. घोटा कडक लागला तर एक दिशा, सैल लागला तर दुसरी. दोन्हीला फिजिओ आहे, पण व्यायाम वेगळे आहेत. यूट्यूबवर बघून सुरू करू नका.

एक मदत करा. तान्ह्या पोळ्याचा व्हिडिओ असेल तर काढून ठेवा. हसू नका, नागपुरातल्या मुलांची यासारखी तपासणी मला माझ्या ओपीडीतही करता येत नाही. दोरी धरून लाकडी नंदी ओढायचा, मागे वळून तो पडला तर नाही ना बघायचं, पुढच्या पोराला धडकायचं नाही, आणि दुसऱ्या हातात बोजाऱ्याची, म्हणजे घरोघरी मिळालेल्या खाऊ-पैशांची पिशवी. चालणं, तोल, दोन हातांची वेगवेगळी कामं, सगळं एका फेरीत दिसतं. आणि पोराला माहीतही नसतं की कोणी आपल्याला तपासतंय. टेबलावर बसवलं की तेच पोर लाकूड होतं.

आता बोलणं. चार वर्षांच्या मुलाचं बोलणं परक्या माणसालाही बहुतेक कळायला हवं. तुमच्या मुलाचं कळत नाही, म्हणजे उशीर आहे, यात शंका नको. कारणं मात्र एकाहून जास्त असू शकतात आणि एकमेकांत मिसळलेली असतात.

पहिला संशय मी कायम कानांवर घेते. तुम्ही लिहिलंय की डिस्चार्जच्या वेळी ओएई झाली आणि ‘पास’ आली. ओएई आतल्या कानाच्या पेशींची तपासणी करते, तिथून मेंदूपर्यंत जाणाऱ्या नसेची करत नाही. जास्त दिवस काचेत राहिलेल्या बाळांत कान ठीक आणि नस मंद असं होऊ शकतं: कावीळ, ऑक्सिजनची चढउतार, काही अँटिबायोटिक्स. म्हणून अशा बाळांची बेरा, म्हणजे त्या नसेची तपासणी, करायला हवी. शिवाय काहींचं ऐकू येणं पुढे हळूहळू कमी होतं, आणि सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साचून महिनोन् महिने अर्धवट ऐकू येणारी मुलं तर दर हिवाळ्यात येतात. आता तो चार वर्षांचा आहे, खेळ खेळत श्रवणचाचणी होते. ‘हाक मारली की बघतो’ हा पुरावा धरू नका. सगळे आईबाप मला हेच सांगतात, आणि त्यातल्या काहींच्या मुलांना नंतर कानाचं मशीन लागलं आहे.

दुसरं कारण जुळेपणाचं. जुळी मुलं, अगदी पूर्ण दिवसांची असली तरी, बोलण्यात एकट्या मुलापेक्षा सरासरी काही महिने मागे असतात. त्यांच्या बुद्धीत खोट नसते. आईचे कान दोन आणि तोंड एक, त्यात दोन वाटेकरी. प्रत्येकाच्या वाट्याला निवांत, समोरासमोरचं बोलणं कमी येतं. तुम्हीच लिहिलंय, ‘त्याला काय हवं ते तीच सांगते.’ बहीण इतकी तत्पर वकील असेल तर अशील कशाला तोंड उघडेल? यावर मी घरोघरी एकच उपाय सांगते: दिवसातून पंधरा-वीस मिनिटं दोघांना वेगळं करा. एक आजोबांबरोबर महाराजबागेत, दुसरं तुमच्याबरोबर स्वयंपाकघरात वाटाणे सोलायला. मोबाईल नाही, टीव्ही नाही. तो ‘पानी’ म्हणाला तर ‘हो, थंड पाणी हवं तुला?’ एवढं वाढवून परत द्या. चुकीचा उच्चार दहादा म्हणून घेऊ नका, मूल गप्प बसायला शिकतं.

हे घरचं झालं. स्पीच थेरपी त्याला आताच सुरू करायला हवी, श्रवणचाचणीचा निकाल हातात आल्याबरोबर.

सासूबाईंचंही ऐकते. ‘याचा बाप बी उशिराच बोलला जी’ हे वाक्य मी इतक्या आज्यांकडून ऐकलंय की ते आता माझ्या फॉर्मवर छापायला हरकत नाही. त्यात खोटंही काही नाही, काही घराण्यांत मुलं उशिरा बोलतातच. पण बाबा पूर्ण दिवसांचे जन्मले होते, चिरंजीव ९३० ग्रॅमचे होते. आजीला विरोध करू नका, तिला कामाला लावा. गोष्ट सांगणारी म्हातारी घरात असणं ही अर्धी स्पीच थेरपी आहे. ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ ही समजूत मात्र डोक्यातून काढा म्हणावं. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो, आठव्या महिन्याला काही शाप नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न: हे वेळेआधी जन्मल्यामुळे का? काही अंशी हो. २८ ते ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेली मुलं ‘फार लवकर’ जन्मलेली धरतात. त्यातल्या बहुतेकांना मोठं अपंगत्व येत नाही. फ्रान्समध्ये २०११ साली जन्मलेल्या अशा मुलांचा मोठा पाठपुरावा झाला. तिथे २७ ते ३१ आठवड्यांच्या मुलांपैकी दोन वर्षांच्या वयात सेरेब्रल पाल्सी शंभरात चार-पाच जणांना होती. बाकीचे सुटले असं मात्र नाही. लक्ष टिकवणं, आकृती बघून काढणं, हिशेब, लिहिण्याचा वेग, अनोळखी माणसांत मिसळणं या बारीक गोष्टींत त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना पुढे जड जातं. बुद्ध्यंकाची सरासरी पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा दहा-बारा गुणांनी कमी भरते, असं अनेक देशांतल्या अभ्यासांवरून दिसतं. सरासरी म्हणजे तुमचं मूल नव्हे, हे लिहायची गरज नाही, पण लिहिते. मुलगा असणं आणि बहिणीपेक्षा चौथा हिस्सा कमी वजन असणं, या दोन्ही गोष्टी त्याच्या पारड्यात उलट्या पडल्या आहेत. नवजात विभागात मुलगे मुलींपेक्षा नाजूक निघतात, हा जगभरचा अनुभव आहे.

परदेशातलं नको असेल तर पुण्याचं बघा. केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी यांच्या चमूने १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांना वाढत्या वयात पुन्हा पुन्हा तपासलं, थेट तरुणपणापर्यंत. आपल्याकडे एका पत्त्यावर माणूस दोन वर्षं सापडत नाही, तिथे हे काम किती चिकाटीचं असेल बघा. बारा वर्षांच्या वयात त्या मुलांपैकी अनेकांना लिखाण आणि गणित अवघड जात होतं, डोळ्यांनी बघून हाताने उतरवण्यात ती कमी पडत होती. आईचं शिक्षण आणि घरची परिस्थिती यांचाही बुद्धीच्या वाढीवर परिणाम दिसला. म्हणजे काचेत घडलेलं सगळं तुमच्या हातात नव्हतं, पण त्यानंतरचं पुष्कळसं आहे.

‘बारा वर्षांच्या वयात’ हे शब्द पुन्हा वाचा. दोन वर्षांचं मूल चाललं, बोललं, बाळांची वाढ मोजणाऱ्या डासी चाचणीत बरे गुण मिळाले की आईबाप फाइल कपाटात ठेवतात, आणि खरं सांगायचं तर आम्हीही ठेवतो. डासी चांगली चाचणी आहे. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात भारतीय बाळांवर केलेल्या कामातून ती उभी राहिली. पण ती अडीच वर्षांपर्यंतचीच आहे. फळ्यावरून वहीत उतरवणं, हातचा लक्षात ठेवणं, तीन सूचना एकामागे एक पाळणं, हे दोन वर्षांच्या मुलाला कोण विचारणार? तिसरी-चौथीत पालक म्हणतात ‘पोरगं अचानक मागे पडलं’. अचानक काही होत नाही. शाळेने मागायला सुरुवात केली, तेव्हा कमी दिसलं.

इथे माझी एक चूक सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी भंडारा जिल्ह्यातून दोन भाऊ यायचे, आवळेजावळे, ३० आठवड्यांचे. धाकट्याचे दोन्ही पाय कडक होते. त्याचे बूट, त्याचे स्प्लिंट, त्याची इंजेक्शनं, यात सगळ्यांचीच पाच-सहा वर्षं गेली. थोरला प्रत्येक वेळी सोबत असायचा. बाकावर बसून बिस्किटं खायचा, भावाचे बूट उचलून द्यायचा, गुणी पोर. चौथीत त्याला गणितात भोपळा मिळाला, वर्गात मार खाल्ला, शाळेत जायला नाही म्हणायला लागला, तेव्हा वडिलांनी त्याला प्रथमच पेशंट म्हणून आणलं. मी जुनं रजिस्टर काढलं. हा मुलगा माझ्या ओपीडीत तीसेक वेळा आला होता आणि त्याच्या नावाची एकही नोंद नव्हती. ३० आठवड्यांना तोही जन्मला होता. भावाशेजारी तो ‘चांगला’ दिसत होता म्हणून मी त्याला कधी टेबलावर घेतलंच नाही. धाकटा पुढे काठी घेऊन कॉलेजात गेला. थोरल्याची शाळा मात्र दहावीपर्यंत लंगडतच चालली.

त्यानंतर मी ओपीडीत नियम केला: जुळ्यांच्या फाइली दोन.

म्हणून तुमची दीड ओळ. चार वर्षांची मुलगी रंगवायचा कंटाळा करते, याची शंभर साधी कारणं असतील. मूल जे जमत नाही त्याचाही कंटाळाच करतं, हे शंभर-एकावं. तिला कोडं जोडायला, मणी ओवायला, कात्रीने रेघेवर कापायला द्या. वर्तुळ काढून दाखवा आणि काढायला सांगा, मग अधिकचं चिन्ह. सव्वाचार वर्षांना दोन्ही जमायला हवीत. पेन्सिल मुठीत धरते की बोटांत, बघा. गोंगाटाचंही तसंच. काही मुलांना आवाज खरोखर टोचतात, आणि काचेत आठवडेच्या आठवडे अलार्म ऐकलेल्या मुलांत मला अशी पुष्कळ भेटतात. कारण तेच असेल असं छातीठोक सांगत नाही. काहींच्यात मात्र ती भित्रेपणाची, माणसांत बावरण्याची सुरुवात असते. तुमची मुलगी भाषेत हुशार दिसते, त्यामुळे बाकीचं झाकलं जातं. भावाचा वकील होता होता तिच्यावर एक जबाबदारीही येऊन पडली आहे, ती चार वर्षांच्या मुलीची नव्हे. सगळं ठीक निघालं तर उत्तमच, एक सकाळ गेली असं समजा.

शाळेचं बघू. इथे एक गणित आहे, ते शाळेलाही माहीत नसतं. तुमची प्रसूतीची मूळ तारीख फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातली होती. ११ आठवडे आधी, म्हणजे डिसेंबरमध्ये मुलं झाली. आपल्या राज्यात शाळाप्रवेशाचं वय ३१ डिसेंबरला मोजतात. तारखेला जन्मली असती तर ती पुढच्या वर्षाच्या तुकडीत गेली असती. अडीच महिन्यांचाच फरक, पण मधे ३१ डिसेंबरची रेषा आली आणि एक अख्खं शैक्षणिक वर्ष सरकलं. ‘करेक्टेड एज’ आम्ही साधारण दोन वर्षांपर्यंत धरतो, कारण एक वर्षाच्या बाळाला अडीच महिने म्हणजे आयुष्याचा पाचवा हिस्सा, आणि सव्वाचार वर्षांच्या मुलाला विसावा. वाढीच्या तक्त्यावर तो फरक पुसला जातो. शाळेच्या हजेरीपटावर जात नाही. तुमची दोन्ही मुलं वर्गात जवळपास सगळ्यांत लहान आहेत, दहा-अकरा महिन्यांनी मोठ्या मुलांशी त्यांची तुलना चालली आहे. मॅडमना हे कागदावर लिहून द्या. बहुतेक शिक्षिका समजून घेतात, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

मग मुलाला मागे ठेवायचं का? सरसकट उत्तर नाही. मागे ठेवणं हा उपचार आहे अशी समजूत आहे, तिला आधार तोकडा आहे. जर्मनीत, बव्हेरियात, १९८५-८६ साली जन्मलेल्या मुलांचा दीर्घ पाठपुरावा झाला. त्यात वेळेआधी जन्मलेल्या मुलांनी शाळा वर्षभर उशिरा सुरू केली म्हणून पहिलीत ती सरस ठरली नाहीत, आणि आठ वर्षांच्या वयातल्या चाचण्यांत उशिरा गेलेली मुलं उलट मागेच दिसली. कारण समजायला सोपं आहे. ऐकायला कमी येणारं मूल त्याच वर्गात आणखी एक वर्ष बसलं तर ते फक्त वर्षाने मोठं होतं. तिथल्या शाळा वेगळ्या, आपल्या वेगळ्या, साठ मुलांच्या वर्गाचा हिशेब बव्हेरियात कोणी केलेला नाही. तरी मुद्दा टिकतो.

माझं मत विचाराल तर, या जूनमध्ये दोघांना वेगळं करू नका. बहीण वरच्या वर्गात आणि भाऊ खालच्या, हे एकदा पटावर चढलं की दहावीपर्यंत उतरत नाही, आणि प्रत्येक पाहुणा तो प्रश्न विचारतो. केजी टूमध्ये दोघांना जाऊ द्या, मुलासाठी थेरपी आणि शाळेत थोडी सवलत मागा: पुढच्या बाकावर जागा, सूचना एका वेळी एकच, जिन्यावर कठड्याच्या बाजूने. तुकडी एकच की वेगळी, यात माझा आग्रह नाही. वेगळी मिळाली तर वकिलाची सवय आपोआप मोडेल, पण मुलगी बावरत असेल तर आधी एकच बरी. खरा निर्णय पहिलीच्या वेळी घ्या. तोवर तुमच्या हातात वर्षभराचे रिपोर्ट असतील. तेव्हा थांबवायचं ठरलं तर दोघांनाही थांबवता येईल का, हे शाळेशी आतापासून बोलून ठेवा. ३१ डिसेंबरची अट ही किमान वयाची आहे. वरची मर्यादा शाळा काय लावते ते त्यांनाच विचारा. आणि घोटा कडक निघाला किंवा ऐकू कमी येतंय असं निघालं तर हे सगळं मत मी बदलीन. आधी तपासण्या, मग मत.

आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की माझी ओपीडी ओस पडते. थेरपी एप्रिलमध्ये सुरू होते, मेमध्ये तुटते, आणि विदर्भातल्या शाळा उघडतात जूनच्या शेवटी, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून. सकाळी आठची वेळ मागून घ्या, किंवा थेरपिस्टकडून दोन महिन्यांचा घरचा कार्यक्रम लिहून घ्या. खर्चाचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण काचेचं बिल भरलेल्या घराला मी ते न विचारताच सांगते: सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. तिथे तपासणी आणि थेरपी मोफत असते. गर्दी असते, तारखा लांबच्या मिळतात, पण नाव नोंदवून ठेवायला काही लागत नाही.

बाकीचं भरभर. लेझर झालेल्या डोळ्यांना पुढे लांबचं धूसर दिसून चष्मा लागण्याची आणि तिरळेपणाची शक्यता जास्त, दरवर्षी दाखवा. टीव्हीजवळ सरकतो म्हणून ओरडण्याआधी नंबर तपासा. मुलीचेही डोळे दाखवा, लेझर झालं नसलं तरी. दोघांचं ब्लड प्रेशर वर्षातून एकदा मोजायला सांगा. लहान मुलांचं सहसा कोणी मोजत नाही, पण लवकर जन्मलेल्यांच्या मूत्रपिंडांत गाळण्या कमी असू शकतात आणि मोठेपणी दाब वाढण्याची शक्यता थोडी जास्त असते. घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर बंद, नऊ दिवस मशीनवर राहिलेल्या फुप्फुसांसाठी. दातांवरचं आवरण कच्चं असू शकतं, रात्री ब्रश. पुढे शाळेत वाचन-लेखन-गणिताची अडचण ठरलीच, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता धरलेली आहे आणि परीक्षेत सवलती मिळतात. पण ती वयाच्या सात-आठ वर्षांनंतरची गोष्ट. आज त्यावरून झोप उडवू नका.

तपासणीला येताना काय आणायचं: दोघांची डिस्चार्ज कार्डं, मुलाच्या सगळ्या सोनोग्राफी आणि डोळ्यांचे कागद, शाळेच्या मॅडमनी लिहिलेली चार वाक्यं, मुलीच्या दोन-तीन चित्रवह्या (रिकाम्या असल्या तरी आणा, त्याच तर बघायच्या आहेत) आणि तो पोळ्याचा व्हिडिओ. क्रम असा ठेवा: आधी मुलाचे कान, मग दोघांचे डोळे, मग पाय आणि बोलणं, आणि बुद्धिमापन सगळ्यांत शेवटी. आमच्याकडे त्यासाठी बहुतेक बिने-कामत चाचणी करतात. नीट न ऐकणाऱ्या मुलाचं ते आधी केलं तर आकडा खोटा येतो आणि तो खोटा आकडा वर्षानुवर्षं फाइलमध्ये राहतो.

फाइलवरून आठवलं. तुमच्या पत्रासोबतच्या फोटोत एकच जाड फाइल दिसते, वर दोघांची नावं. बर्डीच्या बाजारात जाल तेव्हा दुसरी घ्या आणि मुलीचे कागद वेगळे काढा. अपॉइंटमेंटही दोन घ्या, वेगवेगळ्या दिवसांच्या. एकाच दिवशी जमवावं लागलं, तर सोबत आजीला आणा, म्हणजे एक आत असताना दुसरं बाहेर तिच्याशी बोलत बसेल.